वाटीतलं अन्न कुणासाठी? कुत्र्या-मांजरांचा ‘नैसर्गिक’ आहार



गेल्या दोन व्याख्यानांत आपण ‘निसर्ग’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ पाहिले. त्यानंतर बरेच प्रश्न आले. त्यातला एक प्रश्न आम्ही आज मुद्दाम निवडला आहे. एका ताईंनी लिहिलं होतं, “सर, आमच्याकडे मांजर आहे. आम्ही शाकाहारी. बाजारातली पाकिटं काही नैसर्गिक वाटत नाहीत, म्हणून दूधभात, पनीर असं घरचं ताजं अन्न देतो. एक मैत्रीण म्हणते, कच्चं मांस हाच मांजराचा नैसर्गिक आहार. सासूबाई म्हणतात, इतकी वर्षं आपल्या घरांत मांजरं दूधभातावरच वाढली. खरं काय मानायचं?”

प्रश्न वाटीएवढा दिसतो, पण बघा, तिघीही एकाच शब्दाचा आधार घेत आहेत. नैसर्गिक म्हणजे घरचं, नैसर्गिक म्हणजे जंगलातलं, नैसर्गिक म्हणजे पूर्वापार चालत आलेलं. एका शब्दाचे तीन अर्थ, आणि तिन्हींतून तीन वेगळ्या वाट्या भरल्या जातात. त्यातून प्रत्यक्ष एका प्राण्याचं आरोग्य ठरतं.

आम्ही पशुवैद्य नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण या विषयात आमच्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

वाड्यातली मनी, फ्लॅटमधली ठकी

आमचं बालपण पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात गेलं. दहा-बारा बिऱ्हाडं, मागे गोठा, जिन्याखाली कोळशाची खोली आणि माळ्यावर सगळ्यांची अडगळ. तिथे मनी नावाची एक मांजरी होती. ती कुणा एकाची नव्हती, पण आमची आई रोज सकाळी पायरीशी तिच्या वाटीत दूधभात कालवून ठेवायची. मनी चौदा-पंधरा वर्षं जगली. भिंतीवरून कौलांवर, कौलांवरून पिंपळावर अशी तिची ये-जा शेवटपर्यंत चालू होती. त्यामुळे मांजर दूधभातावर उत्तम जगतं, हे आमच्या घरात सिद्ध झालेलं सत्य होतं.

पुढे वाडा पडला. आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. तिथे मुलाने एक पिल्लू आणलं. तिचं नाव ठकी. शेजारच्या इमारतीत एक मांजर गॅलरीतून पडून दगावलं होतं, म्हणून आम्ही सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या. ठकीला कशाची ददात नव्हती. सकाळी दूधभात, दुपारी साय, रात्री पुन्हा दूधभात, वर साजूक तूप. आईला त्यात फार आनंद असे.

अडीच-तीन वर्षं गेली. दिवाळीच्या साफसफाईत आम्ही दिवाणखान्यातली आरामखुर्ची जागेवरून हलवली. ठकी आतून रोजच्या वेगात चालत आली आणि थेट खुर्चीच्या पायावर आपटली. आधी हसू आलं. मग लक्षात आलं, भर दुपारच्या उजेडात तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या रात्रीसारख्या मोठ्या होत्या. तिला दिसतच नव्हतं. ती घर पाठ करून चालत होती, आणि किती महिन्यांपासून चालत होती, हे आम्हाला कळलंही नव्हतं.

पशुवैद्यबाईंनी डोळे तपासले, छाती तपासली आणि एकच प्रश्न विचारला, “काय खाते?” आम्ही कौतुकाने सगळी यादी सांगितली. त्या म्हणाल्या, “आणि मांस? मासे? निदान उंदीर तरी?” आम्ही म्हणालो, “तिसऱ्या मजल्यावर उंदीर कुठले?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “डोळे आता परत येणार नाहीत. हृदयही मोठं झालं आहे, ते मात्र अजून सावरेल.”

मंडळी, आम्ही नीतिशास्त्र शिकवत होतो. अहिंसा या विषयावर आमचे दोन शोधनिबंध होते. आणि आमच्या घरात, कुणीही हात न उगारता, प्रेमाने भरवून भरवून, एक जीव आंधळा झाला होता.

तेव्हा कुठे आम्हाला मनीचं गणित उलगडलं. वाड्यात आम्ही मनीला दूधभात घालत होतो हे खरं, पण तिचा आहार आम्ही ठरवत नव्हतो. कोळशाच्या खोलीत उंदीर होते, माळ्यावर पाली होत्या, गोठ्याशी चिमण्या होत्या. दूधभात हा तिचा नाश्ता होता, जेवण ती बाहेर करत होती. आम्हाला दिसत होती फक्त वाटी. परंपरेतून आम्ही वाटी उचलली आणि उंदीर मागेच राहिला.

मांजराला काय जमत नाही

आता यामागचं शास्त्र थोडक्यात पाहू.

टॉरीन नावाचं एक अमिनो आम्ल आहे. १८२७ साली ते प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळं काढलं गेलं, म्हणून लॅटिनमधल्या ‘बैल’ या शब्दावरून त्याला हे नाव पडलं. हृदयाचे स्नायू आणि डोळ्यांचा दृष्टिपटल यांना ते लागतं. आपलं शरीर ते स्वतः तयार करू शकतं, बहुतेक कुत्र्यांचंही करतं. मांजराला ते पुरेसं तयार करता येत नाही, आणि पित्ताबरोबर तिचं टॉरीन सतत खर्चही होत राहतं. म्हणजे रोज अन्नातूनच ते मिळायला हवं. धान्यात, डाळीत, भाजीत ते जवळजवळ नसतं. गायीच्या दुधात असतं ते फार थोडं. उंदरात, माशात, कोंबडीच्या काळजात मात्र ते भरपूर असतं.

१९७५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. ज्या मांजरांच्या आहारातलं प्रथिन केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन होतं, त्यांचा दृष्टिपटल झिजत गेला, आणि कारण निघालं टॉरीनची कमतरता. तो निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा आम्ही नुकतेच अध्यापक झालो होतो. पंचवीस-तीस वर्षं ती माहिती जगात उपलब्ध होती आणि आमच्या घरात वाटीत दूधभात पडत होता.

टॉरीन हे एकच उदाहरण नाही. गाजरातल्या पिवळ्या द्रव्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, मांजराला ते जमत नाही. तिला ते तयार स्वरूपातच, प्राण्याच्या शरीरातूनच मिळावं लागतं. आपल्या त्वचेत उन्हामुळे ड जीवनसत्त्व तयार होतं, कुत्र्या-मांजरांच्या त्वचेत ते पुरेसं होत नाही. आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल मांजराच्या एकाच जेवणात अजिबात नसेल, तर काही तासांत रक्तात अमोनिया वाढून ते गंभीर आजारी पडू शकतं. २००५ साली असंही दिसून आलं, की गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचं एक जनुक मांजरांत निकामी झालेलं आहे. आपल्या पेढ्याची गोडी तिला कळतच नाही. ती चाटते ते त्यातल्या दुधातुपाच्या वासाने.

असं का झालं असेल? मांजर माणसाजवळ आलं ते धान्याच्या कोठारांत उंदीर असतात म्हणून. माणसालाही ते हवं होतं उंदीर मारण्यासाठीच. म्हणजे हजारो वर्षं आपण मांजर पाळलं ते तिने तिचंच अन्न खावं यासाठी. तिचं शरीर बदलण्याचं कारणच पडलं नाही. घर बदललं, आतडं तेच राहिलं.

आणखी एक गोष्ट पाण्याची. आपली मांजरं रानमांजरांच्या ज्या जातीपासून आली, ती कोरड्या, वाळवंटी भागातली. त्यांना तहान कमी लागते, कारण शिकारीतून पाणी मिळतं. उंदराच्या शरीरात सुमारे दोन तृतीयांश पाणी असतं, तर पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत साधारण एक दशांश. केवळ कोरड्या दाण्यांवर राहणाऱ्या बोक्यांत मूत्रमार्गाच्या तक्रारी अधिक दिसण्याचं हे एक कारण मानलं जातं. म्हणून ओलं अन्न द्यावं, दाणे देत असाल तर सोबत ओलंही असावं. आणि बोका वारंवार लघवीला बसतो पण होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

‘नैसर्गिक’ या शब्दाची फोड

आता आपल्या मूळ शब्दाकडे वळू. जॉन स्टुअर्ट मिल यांचा निसर्गावरचा एक निबंध आहे, त्यांच्या मृत्यूनंतर १८७४ साली प्रसिद्ध झालेला. मिल म्हणतात, ‘निसर्ग’ या शब्दाचे मुख्य अर्थ दोन. एक, जे काही आहे आणि घडतं ते सगळं. दुसरा, माणसाच्या हस्तक्षेपाविना जे घडतं ते. पहिल्या अर्थाने ‘निसर्गाप्रमाणे वागा’ हा उपदेश पोकळ आहे, कारण निसर्गनियमांबाहेर कुणी वागूच शकत नाही. दुसऱ्या अर्थाने तो अविवेकी आहे, कारण शेतीपासून औषधापर्यंत आपलं सगळं वागणं हा हस्तक्षेपच आहे.

हे मांजराच्या वाटीला लावून पाहा. पहिल्या अर्थाने दूधभात, कच्चं मांस, पाकिटातले दाणे सगळंच नैसर्गिक. दुसऱ्या अर्थाने जाळी लावलेल्या फ्लॅटमधलं मांजर हीच मुळी अनैसर्गिक गोष्ट. मग तिच्या वाटीत नैसर्गिक काय असणार?

कच्च्या मांसाचे पुरस्कर्ते एक जुना प्रयोग सांगतात. कॅलिफोर्नियातले डॉक्टर फ्रान्सिस पॉटेंजर यांनी १९३२ ते १९४२ या काळात शेकडो मांजरांवर निरीक्षणं केली. कच्चं मांस खाणारी मांजरं निरोगी राहिली, शिजवलेलं खाणारी पिढी दर पिढी खंगत गेली. त्यावरून निष्कर्ष काढला जातो, की कच्चं ते नैसर्गिक आणि म्हणून चांगलं. पण टॉरीन मांजराला अत्यावश्यक आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. मांस पाण्यात शिजवलं की टॉरीनचा बराच भाग त्या पाण्यात उतरतो, आणि पाणी फेकलं की तोही जातो. आज त्या प्रयोगाकडे पाहताना बरेच जाणकार टॉरीनकडेच बोट दाखवतात. तसं असेल, तर त्या मांजरांना हवं होतं ते ‘कच्चेपण’ नव्हे, एक विशिष्ट द्रव्य.

पाकीटवाल्यांनीही फुशारकी मारू नये. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं, की मांजरांच्या हृदयाचा एक जीवघेणा आजार टॉरीनच्या कमतरतेमुळे होतो आणि टॉरीन दिल्यावर हृदय पुन्हा सुधारू शकतं. ती मांजरं काय खात होती? बाजारातलं तयार खाद्य! म्हणजे शास्त्रशुद्ध म्हणून विकलं जाणारं अन्नही अपुरं होतं. त्यानंतर उत्पादकांनी टॉरीनचं प्रमाण वाढवलं आणि तो आजार दुर्मिळ झाला. गंमत अशी, की खाद्यात घातलं जाणारं हे टॉरीन बहुतेक वेळा कारखान्यात बनवलेलं असतं. मांजराच्या हृदयाला तो फरक कळत नाही.

मग ‘नैसर्गिक’ऐवजी कोणता शब्द वापरायचा? आयुर्वेदात एक नेमका शब्द आहे: सात्म्य. या शरीराला जे मानवतं, जे त्याच्याशी एकरूप होतं ते सात्म्य. त्यातही ओकसात्म्य म्हणजे सवयीने, सततच्या सेवनाने अंगवळणी पडलेलं. आमचं मत असं, की पाटीवर काय लिहिलं आहे यापेक्षा या शरीराला सात्म्य काय, हा प्रश्न अधिक उपयोगाचा. मात्र ओकसात्म्याचीही एक सीमा आहे. ठकीला दूधभाताची सवय झाली होती, आवडही होती. जिभेला सवय झाली, दृष्टिपटलाला झाली नाही.

कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे

कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. ‘कुत्रा मूळचा लांडगा, म्हणून त्याला फक्त मांस’ असं हल्ली पुष्कळ ऐकू येतं. पूर्वज एक असले तरी त्यानंतर फार मोठा काळ कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर जगला. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. पुढे असंही दिसलं, की शेती करणाऱ्या समाजांत राहिलेल्या कुत्र्यांत या प्रती वाढल्या, तर ऑस्ट्रेलियातल्या डिंगोत त्या वाढल्याच नाहीत. म्हणजे आमच्या गावाकडचा मोत्या भाकरी पचवत होता, ही केवळ सवय नव्हती. ते त्याच्या रक्तात उतरलेलं होतं. शेतकऱ्याने धान्य पिकवलं आणि कुत्र्याचं पोट हळूहळू शेतकऱ्याचं झालं.

म्हणून धान्य हे कुत्र्यासाठी विष नाही. धान्यविरहित, ‘ग्रेन-फ्री’ खाद्याची लाट आली तेव्हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये एक चौकशी जाहीर केली. वाटाणा, मसूर, इतर डाळी किंवा बटाटा हे मुख्य घटक असलेलं खाद्य खाणाऱ्या काही कुत्र्यांत हृदयविकार आढळत होता, आणि त्यातली बरीच खाद्यं धान्यविरहित म्हणून विकली जात होती. कारण आणि परिणाम यांचा संबंध निर्विवाद सिद्ध झालेला नाही. पण धान्य काढलं की अन्न आपोआप नैसर्गिक आणि आरोग्यदायी होतं, हा समज टिकत नाही.

तरीही नुसती पोळी म्हणजे कुत्र्याचा आहार नव्हे. त्याला चांगली प्रथिनं लागतात: अंडी, मांस, मासे, काही प्रमाणात दही-पनीर. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम आणि फॉस्फरस योग्य प्रमाणात लागतं. नुसतं मांस, किंवा नुसतं मांस आणि भात घातलं तर फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, असं होतं. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं आणि पिल्लाचे पाय वाकतात, कधी हाड मोडतं. ‘रोज चिकन घालतो तरी पाय असे कसे?’ असं लोक विचारतात. पण त्या चिकनमध्ये हाडाचं खनिज कुठे होतं? रानातला प्राणी शिकार हाडांसकट खातो, आपण खाटकाकडून बिनहाडाचं आणतो. मांजराला रोज नुसती कलेजी घालणंही असंच. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके जखडू शकतात.

संत नामदेवांची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, की कोरडी खाऊ नकोस. समोरच्या जिवात विठ्ठल दिसण्याची ती गोष्ट आहे. पण आजच्या फ्लॅटमधला लॅब्राडॉर धावत नाही, आणि आपण तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे दिवसातून चारदा जातो. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं होतं. कमी खाणारे कुत्रे सरासरी सुमारे पावणेदोन वर्षं जास्त जगले, त्यांच्या सांध्यांची दुखणीही उशिरा सुरू झाली. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं म्हणजे फार झाली. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. प्रेम मोजायला वाटीचं माप वापरू नये.

घरचं की पाकिटातलं, कच्चं की शिजलेलं

घरचं अन्न चांगलं, पण घरचं म्हणजे आपोआप पुरेसं नव्हे. २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या गेल्या, पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या, त्यातल्या काही पशुवैद्यांनी लिहिलेल्या. ९५ टक्के पाककृतींत किमान एक अत्यावश्यक घटक कमी निघाला. तेव्हा घरी शिजवायचं असेल तर पशुवैद्याकडून वय, वजन पाहून पाककृती करून घ्यावी, आणि त्यातलं कॅल्शियम किंवा टॉरीन ‘हे कशाला?’ म्हणून गाळू नये. मांजरासाठी मांस-मासे कमी पाण्यात शिजवावेत आणि ते पाणी अन्नातच घालावं.

पाकीट घेत असाल तर समोरची चित्रं सोडा, मागचं बारीक अक्षर वाचा. ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असं लिहिलं आहे का, आणि कोणत्या वयासाठी, हे पाहा. ‘पूरक’ किंवा ‘खाऊ’ असं लिहिलेलं पाकीट रोजच्या जेवणाच्या जागी चालत नाही. कुत्र्याचं पाकीट मांजराला कायम घालू नये, कारण त्यात तिच्या गरजेएवढं टॉरीन असेलच असं नाही. अमेरिकेतल्या खाद्यनियमांत तर ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या पाकिटात कृत्रिम जीवनसत्त्वं घातली असतील, तर ‘सोबत घातलेली जीवनसत्त्वं व खनिजं’ असा खुलासा तिथेच छापावा लागतो. आपल्या व्याख्यानाचं सार त्या एका ओळीत येऊन बसलं आहे!

कच्च्या मांसाबद्दल आमचं मत सावध आहे. साल्मोनेलासारखे जंतू त्यातून जनावराला आणि त्याची भांडी धुणाऱ्या माणसालाही लागू शकतात. आपल्याकडे आणखी एक धोका आहे. खाटकाकडची कच्ची आतडी, यकृत, फुप्फुसं कुत्र्याला घातली तर त्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी वाढू शकतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. घरात लहान मूल, गर्भवती किंवा वृद्ध असतील तर शिजवलेलंच द्यावं. मात्र शिजवलेलं हाड देऊ नये. ते ठिसूळ होऊन त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात.

आता आपल्या ताटातलं काय चालत नाही. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, मांजराच्या अधिकच. म्हणजे आपला रस्सा, आमटी, मसालेभात बाद. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, म्हणजे शिऱ्यातला बेदाणाही बाद. चॉकलेट नको, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं काहीही कुत्र्याला नको. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही. त्यांना जुलाब झाले तर दोष मांजराचा नसतो.

शाकाहारी घराने काय करावं

ताईंच्या प्रश्नाचा खरा भाग इथे आहे. कुत्र्याला अंडी-दुधासह, नीट आखलेल्या शाकाहारावर ठेवणं शक्य आहे, पशुवैद्याच्या देखरेखीखाली. मांजराला घरच्या शाकाहारावर ठेवणं शक्य नाही. परदेशात कारखान्यात बनवलेलं टॉरीन, अ जीवनसत्त्व वगैरे घालून मांजरांसाठी मांसविरहित खाद्यं तयार केली जातात. तत्त्वतः त्यात विरोध नाही, कारण शरीराला हवे असतात ते घटक. पण ते तपासलेलं, संपूर्ण खाद्य असावं, मांजराची नियमित तपासणी व्हावी, आणि आपण स्वयंपाकघरात अंदाजाने मिसळून ते होईल असा भ्रम नसावा.

एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. एका मांजरासाठी किती कोंबड्या मारायच्या? आम्ही हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही. या हिशेबात कुणाचा तरी जीव खर्ची पडतो आणि तो आपण पाहिला पाहिजे. माणसं बहुधा खात नाहीत ते काळीज, ती आतडी असे भाग शिजवून वापरले तर हा भार काहीसा हलका होतो, संपत नाही. पण हा प्रश्न विचारण्याची वेळ मांजर घरात आणण्यापूर्वीची. ज्याला हे मान्य नसेल त्याने मांजर न पाळणं हा पूर्णपणे सन्मान्य निर्णय आहे. एकदा जाळी लावली, दार बंद केलं, की तिची शिकार आपण काढून घेतलेली असते. त्यानंतर आपल्या व्रताची किंमत तिच्या डोळ्यांनी चुकवायची, हे न्याय्य नाही. व्रत आपलं आहे, तिने घेतलेलं नाही. कायद्याच्या भाषेत सांगायचं, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही ताब्यातल्या प्राण्याला पुरेसं अन्नपाणी देणं ही माणसाची जबाबदारी ठरवली आहे.

आमच्या घरी हा निर्णय आम्ही घेतलाच नाही, तो आईने घेतला. पशुवैद्यांकडून आल्यावर आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाशी बसून तात्त्विक चर्चा करत होतो. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि तिने आयुष्यात अंड्याला हात लावला नव्हता. ती म्हणाली, “मांजर आपण आणलं ना? मग तिचं जेवणही आपणच आणायचं.” मागच्या गॅलरीत एक जुनी शेगडी आणि एक वेगळं पातेलं ठेवलं गेलं. मुलगा आठवड्यातून दोनदा कोंबडीची काळजं आणि थोडं मांस आणायचा, आम्ही शिजवायचो, वर पशुवैद्यांनी दिलेली पूड घालायचो. वास येऊ लागला की आई देवघराचं दार लोटून घ्यायची, पण ‘ठकीचं झालं का?’ हे रोज विचारायची. काही महिन्यांत ठकीचं हृदय सावरलं. दिसलं मात्र तिला कधीच नाही. त्यानंतर ती सहा वर्षं जगली, आणि त्या सहा वर्षांत आमच्या घरातली एकही खुर्ची जागेवरून हलली नाही.

शेवटी

ताई, आपल्या प्रश्नाचं उत्तर असं. तुमची मैत्रीण अर्धी बरोबर आहे: मांजराला प्राणिज अन्न लागतं, कच्चंच लागतं असं नाही. सासूबाईही अर्ध्या बरोबर आहेत: त्यांची मांजरं दूधभात खात होती, आणि बाहेर आणखी काही खात होती. या आठवड्यात पशुवैद्यांकडे जा, काय काय घालता ते न लाजता सांगा, डोळे आणि हृदय तपासून घ्या. नवं अन्न एकदम नको. आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला. आणि मांजर रुसून जेवलंच नाही, तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून दोन-तीन दिवस थांबू नका. उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून ते दगावू शकतं.

बाकीच्यांना एवढंच सांगतो. आज घरी गेल्यावर आपल्या जनावराच्या वाटीत काय आहे ते पाहा, आणि ते आपण कुणाकडे पाहून ठरवलं होतं, स्वतःकडे, जाहिरातीकडे, आजीच्या आठवणीकडे की त्या जनावराकडे, हेही पाहा. आम्ही हे पाहिलं ते तीन वर्षं उशिरा.

पुढच्या व्याख्यानात रस्त्यावरच्या कुत्र्यांना अन्न घालण्याचा प्रश्न घेऊ. त्यावर आपली मतं तीव्र असणार, तेव्हा प्रश्न आधी लिहून पाठवा.